टॅलोस पहिला रोबो होता का? एका ओतकाम करणाऱ्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कॉलेजात रोबोंच्या इतिहासावर बोलायचंय, 'जगातला पहिला रोबो म्हणजे ग्रीक पुराणातला टॅलोस' (क्रीट बेटावर पहारा देणारा ब्राँझचा माणूस) हे वाक्य जिथे तिथे सापडतंय, तर ते खरं मानायचं का? आणि ग्रीकांकडे तेव्हा असलं काही तंत्र होतं, की या नुसत्या देवादिकांच्या गोष्टी?

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. मी शिल्पकार आहे. मेणाचा साचा करून ब्राँझ ओतण्यात अठ्ठावीस वर्षं गेली, मधली काही वर्षं ग्रीक शिल्पाचा इतिहास शिकवला. ग्रीक भाषा येते ती शब्दकोश मांडीवर घेऊन वाचण्यापुरती. रोबोंमधलं मला काही कळत नाही, पण धातूचा माणूस कसा उभा करतात हे कळतं, आणि या कथा वाचायला त्याचा उपयोग होतो असा माझा अनुभव आहे.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. माणसाने घडवलेली, आपली आपण हलणारी वस्तू ही कल्पना किती जुनी, हा एक. तशी वस्तू प्रत्यक्षात कधी झाली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर इलियड आणि ओडिसी या महाकाव्यांच्या कवीपर्यंत, होमरपर्यंत जातं, म्हणजे साधारण ख्रिस्तपूर्व आठव्या शतकापर्यंत. दुसऱ्याचं त्यानंतर चार-पाचशे वर्षांनी सुरू होतं. लोक या दोन टोकांना गाठ मारतात आणि 'प्राचीन ग्रीकांकडे रोबो होते' असं होऊन बसतं.

शिवाय रोबो कशाला म्हणायचं यावर बरंच अवलंबून आहे. कृत्रिम रीतीने निर्माण झालेला कुठलाही जीव चालत असेल तर यादी लांबच लांब होईल. पण मग पार्वतीने अंगाच्या मळाचा मुलगा केला, त्याच्यात प्राण घातले आणि दारावर पहाऱ्याला बसवलं, तोही त्या यादीत येईल. आपण गणपतीला रोबो म्हणत नाही, कारण त्या गोष्टीचा जीव कारागिरीत नाही, आईच्या इच्छेत आहे. मी स्वतः ग्रीक कथांनाही हीच कसोटी लावतो. वस्तू घडवली आहे का? आणि घडवणाऱ्याच्या हातांचं, हत्यारांचं काही वर्णन आहे का?

ही कसोटी लावली की पँडोरा, म्हणजे ग्रीक कथेतली पहिली स्त्री, बाजूला पडते. हेसिअड हा जुना ग्रीक कवी सांगतो की देवांचा राजा झ्यूस याच्या हुकमावरून हेफेस्टस या लोहार देवाने माती आणि पाणी कालवून तिला घडवलं, अथेनाने नटवलं, हर्मीसने वाचा आणि लबाडी दिली. हात कारागिराचे आहेत खरे, पण शेवटी ती जिवंत बाईच होते. (जाता जाता: तिच्याकडे पेटी नव्हती, रांजण होता. पेटी सोळाव्या शतकात इरॅस्मसच्या लॅटिनमधून आली.) पिग्मॅलियनचा हस्तिदंती पुतळाही बाजूलाच. ती गोष्ट आपल्यापर्यंत येते ओविड या रोमन कवीकडून, आणि तिथे व्हीनस देवी प्रसन्न होऊन पुतळ्याची बाई करते. यंत्राचा संबंध नाही.

आता जिथे मजा आहे तिथे येऊ. इलियडचा अठरावा सर्ग. अकिलीसची आई थेटिस मुलासाठी चिलखत मागायला हेफेस्टसच्या घरी जाते. तो घामाघूम होऊन भात्यांभोवती धावपळ करतोय, वीस तिपाया बनवतोय. तिपाई म्हणजे तीन पायांचं ब्राँझचं मोठं भांडं, ऑलिंपियासारख्या देवस्थानांत नवस म्हणून वाहायचे तसलं. प्रत्येकीच्या बुडाला त्याने सोन्याची चाकं लावलीत, म्हणजे त्या आपल्या आपण देवसभेत जातील आणि आपल्या आपण घरी परततील. इथे जो शब्द आहे तो 'ऑटोमॅटोस'. ऑटोमॅटिक इथूनच आलं. पण त्याच काव्यात आधी, दुसऱ्या सर्गात, तो शब्द एका माणसाला लावलाय: अ‍ॅगामेम्नॉनच्या मेजवानीला मेनेलाओस ऑटोमॅटोस आला, म्हणजे बोलावणं नसताना, आपणहून. तेव्हा होमरच्या कानाला या शब्दात यंत्राचा खडखडाट मुळीच ऐकू येत नव्हता. आपल्या मनाने येणं-जाणं एवढाच त्याचा अर्थ.

पुढची ओळ मात्र आमच्या धंद्यातली. कवी म्हणतो, तिपाया बहुतेक झाल्या होत्या, फक्त नक्षीचे कान बसवायचे राहिले होते, आणि हेफेस्टस ते तयार करत रिव्हेट ठोकत होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. स्वतःहून चालणाऱ्या वीस भांड्यांबद्दल बोलताना हा कवी थांबतो कुठे, तर रिव्हेटवर! चाकं कशी फिरतात, वळतात कशी, दार ओळखतात कशी, यावर एक अक्षर नाही. याचं कारण मला अगदी साधं दिसतं. कान रिव्हेटने बसवताना त्याने किंवा त्याच्या श्रोत्यांनी पाहिलं होतं. चाकांची भांडीही माहीत होती. सायप्रसमध्ये होमरच्या कितीतरी आधीच्या, चाकं लावलेल्या ब्राँझच्या घडवंच्या सापडल्या आहेत, आणि ओडिसीत हेलनच्या लोकरीच्या चांदीच्या टोपलीलाही चाकं आहेत. पाहिलेल्या वस्तूवर कवीने एकच शब्द चढवला: आपणहून. देवाच्या वाट्याला तेवढाच भाग आला, बाकी सगळं तांबट आळीतलं.

त्याच सर्गात पुढे सोन्याच्या दासी येतात. हेफेस्टस लंगडा आहे. तो काठी घेऊन बाहेर येतो आणि त्याला आधार द्यायला सोन्याच्या, जिवंत तरुणींसारख्या दासी लगबगीने पुढे होतात. होमर म्हणतो की त्यांच्या ठायी बुद्धी आहे, वाणी आहे, बळ आहे, आणि देवांकडून त्या कामं शिकल्या आहेत. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत या चार ओळी वारंवार पुढे करतात आणि ते चूक नाही. ज्याला विचार, बोलणं आणि शिकवलेलं कसब आहे असं घडवलेलं काही ग्रीक साहित्यात याहून जुनं मला माहीत नाही. पण मला त्यात आणखी एक दिसतं. स्वतः नीट चालता न येणारा कारागीरच चालणाऱ्या वस्तू बनवतोय. त्यानंतर वीस भाते आहेत. 'कामाला लागा' म्हटलं की ते मुशींवर वारा घालू लागतात, हवा तेव्हा जोरात, हवा तेव्हा हळू. ज्याने उन्हाळ्याच्या दुपारी भट्टीपुढे भाता ओढलाय त्याला हे स्वप्न कोणाचं आहे ते सांगावं लागत नाही.

ओडिसीतलं थोडक्यात सांगतो. अल्किनूस राजाच्या दाराशी हेफेस्टसने केलेले सोन्याचे-चांदीचे कुत्रे आहेत, न मरणारे, न म्हातारे होणारे. ते हलतात, भुंकतात असं कवी म्हणत नाही, म्हणून मी त्यांना रोबो म्हणायला कचरतो. अल्किनूसच्या लोकांची जहाजं मात्र सुकाणू आणि तांडेल नसताना माणसाच्या मनातलं ओळखून बंदर गाठतात. तुमच्या भाषणात चालकाविना गाडीचा विषय येणार असेल तर तिथे ही जहाजं घाला.

आता टॅलोस. आज जी कथा सगळीकडे फिरते ती मुख्यतः ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या अपोलोनियसच्या काव्यातली. सोनेरी लोकर आणायला गेलेला वीर जेसन आणि त्याचे सोबती परतताना क्रीट बेटाशी येतात. तिथे ब्राँझचा टॅलोस पहारा देतो आणि कड्यावरचे दगड मारून जहाज जवळ येऊ देत नाही. सगळं अंग अभेद्य, फक्त घोट्याशी एक शीर, तीही पातळ पापुद्र्याने झाकलेली. आपल्याकडे दुर्योधनाची मांडी, तसा याचा घोटा. जेसनसोबत आलेली जादूगारीण मेडिआ जहाजावरूनच त्याला नजर लावते, मंत्र म्हणते, दगड उचलता उचलता त्याचा घोटा कपारीला घासतो आणि अंगातला रस बाहेर वाहतो. अपोलोनियस म्हणतो, वितळलेल्या शिशासारखा. मग तो अर्धवट तोडलेल्या पाइन वृक्षासारखा क्षणभर उभा राहून कोसळतो.

यात तुमच्या प्रश्नाला आडवी येणारी गोष्ट अशी, की याच अपोलोनियसच्या मते टॅलोस घडवलेला नाही. ॲश वृक्षांपासून जन्मलेल्या ब्राँझच्या मानववंशातला तो शेवटचा उरलेला, झ्यूसने आपल्या प्रेयसीला, युरोपाला, बेटाचा राखणदार म्हणून दिलेला. म्हणजे जन्मलेला. हेफेस्टसने घडवून क्रीटच्या मिनोस राजाला दिला ही दुसरी परंपरा. ती अपोलोडोरसच्या नावावरच्या कथासंग्रहात आहे, आणि हेफेस्टसची करणी हा भाग त्याहून खूप जुन्या सायमॉनिडीस कवीच्या नावावरही सांगतात. अपोलोडोरस दोन्ही मतं शेजारी ठेवून मोकळा होतो. मानेपासून घोट्यापर्यंत एकच शीर आणि तिच्या टोकाला ब्राँझचा खिळा हा तपशील त्याच्याकडचा. मेडिआने अमर करते म्हणून फसवून तो खिळा काढला अशीही एक हकीकत तो देतो. रोज बेटाला तीन फेऱ्या हेही तो सांगतो. क्रीटचा किनारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे हा गडी न थांबता ताशी सव्वाशे किलोमीटरने धावत होता. असो.

म्हणून 'टॅलोस रोबो होता का' याचं प्रामाणिक उत्तर 'कुठल्या हकिकतीतला टॅलोस' असं आहे. प्लेटोच्या नावावरच्या 'मिनोस' या संवादात तर तो सरळ माणूसच आहे. ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेले कायदे घेऊन वर्षातून तीनदा गावोगाव फिरणारा अधिकारी, म्हणून लोक त्याला ब्राँझचा म्हणत. कथांमधलं चमत्कारिक सोलून आत काही व्यवहारी सापडतं का हे बघायची खोड तेव्हाही होती.

पण ती एक शीर आणि तो एक खिळा यावर मला जरा थांबायचंय. मेणाच्या ओतकामात आधी मातीचा गाभा, त्यावर मेणाची मूर्ती, त्यावर पुन्हा मातीचे थर. मेणाच्या कांड्या जोडून धातूला वाट ठेवतो. साचा भट्टीत तापवला की मेण वितळून खालच्या तोंडाने गळून जातं. ते तोंड बुजवायचं, साचा जमिनीत पुरायचा आणि वरून धातू ओतायचा. गाभा जागेवरून सरकू नये म्हणून त्यातून खिळे आरपार घातलेले असतात. नंतर ते काढून भोकं बुजवतात. एका कामात बुजवलेलं तोंड मी घाईत नीट सुकू दिलं नाही. ओतताना साच्याच्या पायाशी ते निसटलं आणि पाहता पाहता सगळं ब्राँझ घोट्याच्या बाजूने जमिनीवर आलं. वरच्या धडात काहीच उरलं नाही. कोणाला भाजलं नाही हे नशीब. त्यानंतर अपोलोनियसची ती 'वितळलेल्या शिशासारखा' ही उपमा वाचली, तेव्हा ती मला उपमा वाटेना.

टॅलोसची कथा ओतकामाच्या या पद्धतीवरून सुचली असावी, असं काही अभ्यासकांनी फार पूर्वीच म्हटलंय. मी ते सिद्ध झालेलं मानत नाही, तुम्हीही भाषणात 'असंही मत आहे' एवढंच म्हणा. पण काळ जुळतो. माणसाएवढे पोकळ ब्राँझचे पुतळे ग्रीसमध्ये मेणाच्या पद्धतीने सर्रास व्हायला लागले ते ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीपासून. त्या आधीच्या होमरच्या दासींच्या आत काय आहे याचा पत्ता नाही. पुढच्या टॅलोसच्या आत मात्र पोकळी आहे, वाट आहे, बूच आहे. माझं म्हणणं एवढंच, की कथेतला कृत्रिम माणूस कारागिराच्या मागून चालतो. कारखान्यात जे साधलं, ते पुढे कवीच्या तोंडी येतं. उलटं झाल्याचं मला दिसलेलं नाही.

दंतकथेतला कारागीर डेडलस, त्याच्या पुतळ्यांचंही असंच. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो की डेडलसचे पुतळे बांधून ठेवले नाहीत तर पळून जातात. हे वाचून लोक डेडलसलाही रोबो बनवणाऱ्यांत बसवतात. पण सॉक्रेटिस तिथे चेष्टेने बोलतोय, आणि विषय आहे मनात न टिकणाऱ्या मतांचा. जुन्या पुतळ्यांचे पाय जुळलेले, हात अंगाला चिकटलेले, डोळे मिटल्यासारखे असत. डेडलसने डोळे उघडले, पाय सुटे केले, म्हणून त्याचे पुतळे चालतात असं लोक म्हणत, हा खुलासा प्राचीन लेखक डायोडोरसनेच दिलाय. पेणच्या कारखान्यात चांगली आखणी झालेले गणपतीचे डोळे पाहून 'मूर्ती आता बोलेल' म्हणतात तशातलंच ते. ॲरिस्टॉटलने मात्र एका विनोदी नाटककाराचा दाखला देऊन सांगितलंय की डेडलसने लाकडी ॲफ्रोडायटीत पारा ओतून तिला हलवलं. विनोदातली का होईना, पण ही आतल्या यंत्रणेची कल्पना आहे, आणि ती ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातली.

इथवरचं गोळा करून ठेवा: होमरकडे आपणहून हलणाऱ्या वस्तू आहेत पण आतलं काही नाही, टॅलोसमध्ये आतलं काहीतरी आहे पण तो घडवलेला की जन्मलेला यावर वाद आहे, पँडोरा, पिग्मॅलियन वेगळ्या खात्यातले.

खरी यंत्रं यानंतरची. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात दुसऱ्या टॉलेमी राजाच्या मिरवणुकीत नायसा या अप्सरेचा पुतळा होता, बसल्या जागेवरून आपणहून उठायचा, दूध ओतायचा आणि पुन्हा बसायचा, असं वर्णन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या हेरॉन या यंत्रकाराने तर कृती लिहून ठेवल्यात. त्याचं फिरतं नाट्यगृह कशावर चालायचं? नळकांड्यात धान्याचे बारीक दाणे, त्यावर शिशाचं वजन, वजनाला दोरी, दोरी चाकाच्या आसाला गुंडाळलेली. दाणे खालच्या भोकातून गळतात, वजन सावकाश उतरतं, आस फिरतो. आसावरच्या खुंट्यांना दोरी उलटसुलट गुंडाळली की गाडी पुढे जाऊन मागेही येते. गुंडाळण्याच्या पद्धतीत हालचालींचा क्रम आधीच भरून ठेवायचा ही हुशारी मला टॅलोसपेक्षा आजच्या रोबोच्या जास्त जवळची वाटते. १९०१ साली अँटिकिथेरा बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजातून निघालेलं ब्राँझच्या दातेरी चाकांचं यंत्रही दाखवा, पण ते ग्रहगणिताचं आहे, माणसासारखं नाही, हे सांगून.

एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. 'राजनीती'च्या पहिल्या भागात ॲरिस्टॉटल गुलाम का लागतात याचा हिशोब मांडतो. तो म्हणतो, डेडलसचे पुतळे किंवा हेफेस्टसच्या तिपाया यांच्यासारखं प्रत्येक हत्यार हुकूम ऐकून किंवा आधीच ओळखून आपलं काम करू लागलं, धोटे आपले आपण विणू लागले, वीणेची नखी आपली आपण तारा छेडू लागली, तर मुकादमांना हाताखालची माणसं लागणार नाहीत आणि मालकांना गुलाम. त्याला हे घडेल असं मुळीच वाटत नाही. अशक्य गोष्टीचं उदाहरण म्हणून तो ते देतो. पण होमरच्या सोन्याच्या दासी शेवटी दासीच होत्या, आणि अथेन्सजवळच्या लॉरिऑनच्या चांदीच्या खाणीत उतरणारे हाडामांसाचे गुलाम होते, ही जोड मला त्यात दिसते. गंमत अशी, की 'रोबो' हा शब्दही गुलामीच्याच घरचा निघाला. चेक लेखक कारेल चापेकने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकात तो वापरला, सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ, जमीनदाराकडे फुकट राबणं. आणि त्या नाटकातले रोबो धातूचे नाहीत, मांसासारखा पदार्थ कालवून केलेले आहेत. तेव्हा शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिलं तर मी मघाशी बाजूला टाकलेली मातीची पँडोरा चापेकच्या रोबोंची जास्त सख्खी निघते. माझी कसोटी कारागिराची, चापेकची वेगळी. तुम्ही कुठली धरताय ते भाषणाच्या सुरुवातीलाच सांगून टाका, म्हणजे पुढचे निम्मे वाद मिटतील.

'पहिला रोबो' हे शीर्षक ठेवायचंच असेल तर माझं मत हेफेस्टसच्या तिपायांना, टॅलोसला नाही. त्या निश्चितपणे घडवलेल्या आहेत, काम ठरलेलं आहे, आणि लिखित रूपात टॅलोसच्या कथेहून कितीतरी जुन्या आहेत.

राहिलं चित्रांचं. टॅलोसचा डोंगराएवढा राक्षस दाखवणारी चित्रं टाळा. तो आकार १९६३ च्या एका चित्रपटाने डोक्यात बसवलाय. क्रीटमधल्या फाइस्टोस या प्राचीन शहराच्या नाण्यांवर तो पंख असलेला, दगड भिरकावणारा तरुण आहे. बर्लिनच्या संग्रहालयात ख्रिस्तपूर्व ४८० च्या सुमाराचा एक प्याला आहे. त्याच्या बाहेरच्या बाजूला ब्राँझचा कारखाना रंगवलाय: भट्टी, भिंतीवर टांगलेली हत्यारं, आणि एक पुतळा आडवा ठेवून जोडणी चाललेली, डोकं अजून बाजूला जमिनीवर. आतल्या बाजूला हेफेस्टस थेटिसला अकिलीसची शस्त्रं देतोय. प्याला रंगवणाऱ्याला देवाचा कारखाना आणि गावातला कारखाना एकाच भांड्यावर हवे होते. आणि शेवटची स्लाइड इटलीतल्या रुव्हो गावच्या संग्रहालयातल्या मोठ्या भांड्याची ठेवा, ख्रिस्तपूर्व ४०० च्या आसपासची. त्यावर टॅलोस माणसांहून थोडाच थोराड आहे, लाल रंगाच्या सगळ्या लोकांत तो एकटा पांढरट रंगवलाय. मेडिआ हातात भांडं घेऊन एका बाजूला उभी आहे. त्याचा तोल गेलाय, हात लोंबकळतायत, मान कलली आहे, आणि जेसनच्या सोबत्यांपैकी कॅस्टर आणि पॉलिड्यूसेस या जुळ्या भावांनी त्याला धरलंय. ते त्याला पाडतायत की पडताना सावरतायत, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.